केव्हिन लव्हची किंमत: एक सौदा झाला, एक राहिला

२०१४च्या जूनमध्ये एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या ओकलंडच्या वॉरियर्स संघाच्या चाहत्यांना "आपला क्ले थॉम्पसन देऊन मिनेसोटाचा केव्हिन लव्ह घ्यायचा का?" असं विचारलं असतं, तर उत्तर एकच आलं असतं: "यात विचारायचं काय?" फक्त काहींच्या तोंडी त्याचा अर्थ 'आजच्या आज घ्या' असा होता आणि उरलेल्यांच्या तोंडी 'डोकं फिरलंय का?' असा.

महिनाभरात हाच वाद ओहायोतल्या क्लीव्हलँडमध्ये पेटला. खेळाडू तोच, लव्ह. बदल्यात द्यायचा माणूस वेगळा: नुकताच ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या क्रमांकावर घेतलेला अँड्र्यू विगिन्स. वॉरियर्सनी शेवटी नाही म्हटलं, क्लीव्हलँडनं हो म्हटलं. माझ्या मते दोघांचंही बरोबर होतं. आणि दोन्ही शहरांतले चाहते ज्या प्रश्नावर हमरीतुमरीवर आले होते, तो प्रश्न मात्र मुळातच चुकीचा होता.

माल बाजारात आला कसा

फ्रंटकोर्ट म्हणजे बास्केटजवळ खेळणारी उंच मंडळी, सेंटर आणि फॉरवर्ड. रिबाउंड, म्हणजे नेम हुकल्यावर परत येणारे चेंडू, ओढायचे, आतली जागा अडवायची, सहकाऱ्यासाठी स्क्रीन लावायचा, म्हणजे त्याच्या मागे लागलेल्याची वाट अंगानं अडवायची, ही त्यांची परंपरागत कामं. लव्ह यातली बरीचशी करायचाच, शिवाय तीन गुणांच्या रेषेबाहेरून नेम धरायचा. त्याची आणखी एक खासियत होती. रिबाउंड हातात आला की पाय जमिनीला लागतात न लागतात तोच तो दोन्ही हातांनी छातीपासून चेंडू असा फेकायचा, की पार दुसऱ्या टोकाला धावणाऱ्या सहकाऱ्याच्या ओंजळीत पडावा. मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्जचे कितीतरी सोपे गुण या एका फेकीवर आले.

आकडे तर होतेच. नोव्हेंबर २०१०मध्ये न्यूयॉर्कविरुद्ध एकाच सामन्यात ३१ गुण आणि ३१ रिबाउंड. २०१३-१४च्या हंगामात सरासरी २६.१ गुण, १२.५ रिबाउंड, ४.४ असिस्ट, म्हणजे ज्यांतून सहकाऱ्याचे गुण झाले असे पास. वय पंचवीस. पॉवर फॉरवर्डच्या जागेवर त्या वर्षी असं त्रिकूट दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

तरीही मिनेसोटा त्या हंगामात ४० सामने जिंकून ४२ हरली. लव्ह तिथे सहा हंगाम खेळला आणि एकदाही प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, पाहिला नाही. हे एकच वाक्य पुढे दोन्ही बाजूंनी हत्यारासारखं वापरलं. एका बाजूचं म्हणणं, बिचाऱ्याला संघच धड मिळाला नाही. दुसऱ्या बाजूचं, एवढे आकडे असूनही संघ जिंकत नसेल तर त्या आकड्यांना काय चाटायचंय?

तो बाजारात आला त्याचं मूळ मात्र जानेवारी २०१२मधल्या एका करारात होतं. तेव्हाच्या नियमांनुसार मिनेसोटाला त्याला पाच वर्षांचा करार देता आला असता. तेव्हाचे व्यवस्थापक डेव्हिड कान यांनी चारच वर्षांचा दिला आणि तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायची मुभाही ठेवली. म्हणजे २०१५च्या उन्हाळ्यात लव्ह मोकळा, आणि तो गेला तर मिनेसोटाच्या हाती धुपाटणं. कान २०१३मध्ये गेले, फ्लिप सॉन्डर्स आले. त्यांच्यापुढे रस्ता एकच होता: वेळेत विका आणि मिळेल ते चांगलं पदरात पाडून घ्या.

अशी अदलाबदल आपल्याला अगदीच परकी नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबई इंडियन्सकडे आला, तेव्हा घराघरांत वाद झाले आणि पुढे वानखेडेवर काय झालं तेही आपण पाहिलं. एनबीएत मात्र एक पाचर आहे. वेतनमर्यादेच्या वर गेलेल्या संघांना पैसे देऊन खेळाडू आणता येत नाही. जेवढ्या पगाराचा माणूस घ्यायचा, साधारण तेवढ्या पगाराची माणसं द्यावी लागतात. त्यामुळे प्रत्येक सौद्यात दोन प्रकारचे खेळाडू असतात. एक, ज्यांच्यासाठी समोरचा सौदा करतो. दुसरे, जे निव्वळ हिशेब जुळवायला जातात. चाहते पहिल्यांबद्दल भांडतात आणि दुसऱ्यांची नावंही विसरून जातात.

ओकलंडचं नाही

गोल्डन स्टेट वॉरियर्स २०१३-१४मध्ये ५१ सामने जिंकले आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत क्लिपर्सकडून सातव्या सामन्यात हरले. मे महिन्यात प्रशिक्षक मार्क जॅक्सन यांना काढलं आणि स्टीव्ह कर यांना आणलं. कर यांनी तोवर एकाही एनबीए सामन्यात प्रशिक्षकाची खुर्ची उबवलेली नव्हती. मालक जो लेकब महत्त्वाकांक्षी माणूस, एकावन्न विजयांवर खूश होऊन बसणारा नव्हे.

चर्चेतला सौदा साधारण असा होता: डेव्हिड ली आणि क्ले थॉम्पसन मिनेसोटाला, लव्ह आणि केव्हिन मार्टिन वॉरियर्सना. लीचा पगार सुमारे दीड कोटी डॉलर, लव्हचा १ कोटी ५७ लाखांच्या आसपास. म्हणजे ली हा हिशेबाचा माणूस. खरी किंमत थॉम्पसन, ज्याचा पगार तेव्हा जेमतेम ३१ लाख डॉलर होता, कारण तो अजून ड्राफ्टनंतरच्या पहिल्याच करारावर खेळत होता. आणि मार्टिन म्हणजे मिनेसोटाला नको झालेलं ओझं. वर्षाला सत्तर लाखांच्या घरातला त्याचा करार अजून बरीच वर्षं चालायचा होता.

घ्या म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद कच्चा नव्हता. संघाचा मुख्य शूटर स्टीफन करी याच्यासोबत बाहेरून नेम मारणारा पॉवर फॉरवर्ड ठेवला, तर बचाव करणाऱ्याने जायचं कुठे? करीला दोघांनी घेरलं तर लव्ह मोकळा, नाही घेरलं तर करी मोकळा. थॉम्पसन चांगला आहे, पण तो १८ गुणांचा शूटर. ना रिबाउंड, ना पास. असे शूटर मिळतात. सव्वीस आणि बाराचा माणूस रोज मिळत नाही.

नको म्हणणाऱ्यांचा पहिला सूर भावनेचा होता. करी आणि थॉम्पसन ही जोडी लोकांच्या गळ्यातला ताईत झाली होती, तिला टोपणनावही पडलेलं. ही जोडी फोडायची? पण भावनेच्या खाली एक नेमका मुद्दा होता आणि माझ्या मते अख्ख्या वादातला तोच सर्वांत वजनदार. समोरच्या संघाचा सर्वांत धोकादायक गार्ड, म्हणजे बास्केटपासून लांब राहून चेंडू खेळवणारा खेळाडू, कोण अडवतं? थॉम्पसन. रोज. क्रिस पॉल असो, रसेल वेस्टब्रूक असो, त्याच्या मागे धावायचं काम थॉम्पसनचं, म्हणजे करीच्या पायांत दुसऱ्या टोकाला नेम मारायची ताकद उरते. हे गुणतक्त्यात कुठेच दिसत नाही. थॉम्पसन गेला की हे काम करीवर येणार आणि बास्केटखाली शेवटची भिंत म्हणून लव्ह उभा राहणार, ज्याच्या बचावाची कीर्ती मिनेसोटातच बेताची होती.

संघाच्या आतही हाच वाद चालला होता. सल्लागार म्हणून असलेले जेरी वेस्ट, ज्यांच्या आकृतीवरून एनबीएचं बोधचिन्ह बेतलं असं मानलं जातं, या सौद्याच्या ठाम विरोधात होते आणि कर त्यांच्या बाजूनं होते, असं तेव्हापासून सातत्यानं छापून आलं आहे. वेस्ट स्वतः गार्ड होते. चेंडू हातात नसताना गार्ड काय करतो, ते त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

गंमत अशी, की लव्ह आणि थॉम्पसन एकमेकांना लहानपणापासून ओळखत होते. ऑरेगनमधल्या लेक ओस्वेगो गावात दोघं एकाच बालसंघातून बेसबॉल खेळले होते. दोघांचेही वडील एनबीएत खेळलेले.

सौदा झाला नाही. ऑक्टोबरअखेर वॉरियर्सनी थॉम्पसनला चार वर्षांसाठी सुमारे ७ कोटी डॉलरचा नवा करार दिला, आणि ज्यांना हा निर्णय पटला नव्हता त्यांनी तेव्हा कपाळावर हात मारून घेतला.

आता या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग, जो जूनमधल्या भांडणात फार मागे राहिला होता. हंगामाच्या तोंडावर डेव्हिड लीच्या मांडीचा स्नायू दुखावला. त्याच्या जागी कर यांनी ड्रेमंड ग्रीनला सुरुवातीच्या पाचात घेतलं. २०१२च्या ड्राफ्टमध्ये पस्तिसावा आलेला, पॉवर फॉरवर्डच्या मानानं बुटका, नेमबाजीत यथातथा. ली बरा झाला तोवर ती जागा ग्रीनची झालेली होती. वॉरियर्सचा नवा बचाव त्याच्यावरच उभा राहिला: समोरच्यांनी स्क्रीन लावला की आपापली माणसं सरळ बदलून घ्यायची, कारण ग्रीन गार्डपासून सेंटरपर्यंत कुणालाही थोपवू शकतो. त्या बचावावर वॉरियर्स ६७ सामने जिंकले आणि १९७५नंतर पहिल्यांदा अजिंक्यपद घेऊन आले.

लव्ह आला असता तर तो याच जागेवर खेळला असता. सव्वीस गुणांच्या खेळाडूला कुणी बाकावर बसवत नाही. म्हणजे सौद्याची खरी किंमत थॉम्पसन अधिक ग्रीन अशी होती आणि त्यातलं दुसरं नाव किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेलंच नव्हतं. मी म्हणतो चाहत्यांचा प्रश्न चुकीचा होता, तो या अर्थानं. "लव्ह मोठा की थॉम्पसन मोठा?" यावर ते भांडत होते. विचारायला हवं होतं, की लव्ह ज्या खुर्चीवर बसेल तिथून कोण उठेल. अर्थात लीचा स्नायू दुखावेल हे वेस्ट यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या शहाणपणाच्या ज्या गोष्टी नंतर सांगितल्या गेल्या, त्यांतलं थोडं श्रेय त्या स्नायूलाही द्यायला हवं.

थॉम्पसननं आपल्या बाजूनं उत्तर द्यायला फार वेळ लावला नाही. २३ जानेवारी २०१५ला सॅक्रामेंटोविरुद्ध तिसऱ्या सत्रात त्यानं ३७ गुण केले. एका सत्रात एवढे गुण त्याआधी एनबीएत कुणी केले नव्हते. तेरा वेळा नेम धरला, तेराही आत, त्यांत नऊ तीन-तीन गुणांचे. समोरच्या सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे, आपल्या मुंबईचे. ते २०१०पासून वॉरियर्सच्याच मालकांपैकी एक होते. २०१३मध्ये तो हिस्सा सोडून त्यांनी किंग्ज घेतला होता.

क्लीव्हलँडचं हो

इथलं गणित सगळंच वेगळं. ११ जुलै २०१४ला त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू लेब्रॉन जेम्स यानं मायामी सोडून घरी, म्हणजे क्लीव्हलँडला, परतत असल्याचं पत्र लिहून जाहीर केलं. त्या पत्रात त्यानं भावी सहकाऱ्यांची नावं घेतली: कायरी अर्विंग, ट्रिस्टन थॉम्पसन, डायॉन वेटर्स, अँडरसन व्हरेजाव. ज्याला संघानं पंधरवड्यापूर्वी अख्ख्या ड्राफ्टमधून पहिला म्हणून उचलला होता, त्या विगिन्सचं नाव नव्हतं. आदल्या वर्षीचा पहिला अँथनी बेनेट, त्याचंही नाही. चाहत्यांनी ते पत्र पंचांग वाचावं तसं वाचलं आणि दोन गट तिथेच पडले.

ठेवा म्हणणारे म्हणत होते, १९ वर्षांचा पोरगा आहे, उडी बघा, हातांची लांबी बघा. सोडतीत ड्राफ्टचा पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता अवघी १.७ टक्के असताना तो मिळाला. दैवानं दिलेलं असं कुणी विकतं का? पाच वर्षांनी लेब्रॉन थकेल तेव्हा संघ कुणाच्या खांद्यावर द्यायचा? शिवाय लव्ह वर्षभरात मोकळा होणार. आला, एक हंगाम खेळला आणि निघून गेला तर हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागल्यासारखं होईल.

द्या म्हणणाऱ्यांकडे एकच वाक्य होतं आणि ते पुरेसं होतं: लेब्रॉन डिसेंबरात तीस वर्षांचा होतोय. त्यानं करारही असा केला होता, की वर्षभरानं पुन्हा मोकळं होता यावं. विगिन्स तयार व्हायला तीन-चार वर्षं लागली तर तो तयार होईल तेव्हा लेब्रॉन असेल का?

पुढचा महिना नुसता कागदी कसरतींचा. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूनं करारावर सही केली की तीस दिवस त्याला दुसऱ्या संघाला देता येत नाही. मग सही करूच कशाला द्यायची? कारण सही नसेल तर सौद्याच्या हिशेबात त्याचा पगार शून्य धरतात. सही केली की सुमारे ५५ लाख डॉलर. त्यात बेनेटचे साधारण तेवढेच घाला, झाले १ कोटी ११ लाख. त्या टप्प्यात बाहेर जाणाऱ्या पगारापेक्षा ५० लाख जास्तीचा पगार आत घ्यायला परवानगी होती, म्हणजे १ कोटी ६१ लाखांपर्यंत. लव्हचे १ कोटी ५७ लाख त्यात बरोबर बसतात. बेनेटला मिनेसोटाच्या वाटेला का लावलं, त्याचं उत्तर या बेरजेत आहे. त्याच्या खेळाशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

विगिन्सनं २४ जुलैला सही केली. त्याआधीच तो लास वेगासच्या उन्हाळी स्पर्धेत क्लीव्हलँडची जर्सी घालून खेळला होता आणि त्याला रोज विचारलं जात होतं, की तुझं काय होणार. ७ ऑगस्टला सौदा ठरल्याच्या बातम्या आल्या, तरी अधिकृतपणे तो तोवर क्लीव्हलँडचाच खेळाडू. तीस दिवस भरले त्या दिवशी, २३ ऑगस्टला, सौदा जाहीर झाला. लव्ह क्लीव्हलँडला, विगिन्स आणि बेनेट मिनेसोटाला. फिलाडेल्फियानंही मध्ये येऊन थॅडियस यंग मिनेसोटाला दिला आणि दोन खेळाडूंसह एक ड्राफ्ट-हक्क घेतला.

मग काय झालं

पहिलं वर्ष लव्हला जड गेलं. २६वरून सरासरी १६.४ गुणांवर आली. मिनेसोटात हल्ला त्याच्याभोवती फिरायचा. इथे तो कोपऱ्यात उभा राहून लेब्रॉन आणि कायरीची वाट पाहायचा. आकड्यांवर प्रेम करणाऱ्यांना ही फसगत वाटली. मला उलट वाटतं: त्याचं कोपऱ्यात उभं राहणं हेच काम होतं, कारण त्यामुळे समोरचा उंच खेळाडू बास्केटखालून बाहेर ओढला जायचा आणि लेब्रॉनला आत रान मोकळं मिळायचं. मग २६ एप्रिल २०१५ला, आयुष्यातल्या पहिल्याच प्लेऑफ मालिकेत, बॉस्टनच्या केली ऑलिनिकनं त्याचा हात ओढला आणि खांदा निखळला. हंगाम संपला. अंतिम फेरीत गाठ पडली वॉरियर्सशीच आणि क्लीव्हलँड २-४ हरली. त्या उन्हाळ्यात 'विगिन्स ठेवायला हवा होता'वाल्यांचे दिवस होते, कारण तो वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला होता. पण ज्याची सगळ्यांना भीती होती ते झालं नाही. लव्ह मोकळा झाला आणि पाच वर्षांची सही करून तिथेच राहिला.

२०१६मध्ये पुन्हा तेच दोन संघ. त्याआधी वॉरियर्स ओक्लाहोमा सिटीविरुद्ध २-३ असे मागे असताना सहाव्या सामन्यात थॉम्पसननं ४१ गुण केले, ११ थ्री, म्हणजे तीन-तीन गुणांचे नेम, मारले आणि संघाला जिवंत ठेवलं. अंतिम फेरीत वॉरियर्स ३-१ पुढे होते. मालिका सातव्या सामन्यापर्यंत आली, १९ जून, ओकलंड.

त्या सामन्याचं शेवटचं मिनिट या वादाच्या दृष्टीनं पाहण्यासारखं आहे. कायरीच्या थ्रीनं क्लीव्हलँड तीन गुणांनी पुढे. वॉरियर्सनी मुद्दाम स्क्रीन लावून करीसमोर लव्हला आणलं, कारण समोरच्या पाचांत बचावाचा कच्चा दुवा तोच, हे अख्ख्या मैदानाला माहीत होतं. करी डावीकडे गेला, लव्ह सरकला. करीनं चेंडू ग्रीनला दिला, परत घेतला, पुन्हा झुकांडी दिली. सहा फूट आठ इंचांचा, जड अंगाचा माणूस जगातल्या सर्वांत चपळ शूटरसमोर हात वर करून पायांवर नाचत राहिला. करीनं अखेर थ्री मारला, तो रिंगवर आपटून बाहेर आला. ९३-८९. क्लीव्हलँडला १९६४नंतर पहिल्यांदा कुठल्याही मोठ्या खेळाचं अजिंक्यपद मिळालं. लव्हचे त्या सामन्यात गुण फक्त नऊ होते, रिबाउंड चौदा. आणि समोर ज्या ग्रीनसाठी वॉरियर्सकडे जागा उरली होती, त्यानं ३२ गुण, १५ रिबाउंड, ९ असिस्ट केले.

मिनेसोटाचा जमाखर्च सगळ्यांत विचित्र. बेनेट वर्षभरात गेला. लव्हशिवाय संघ १६ जिंकून ६६ हरला, लीगमध्ये तळाला गेला आणि त्यामुळेच २०१५च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक मिळून कार्ल-अँथनी टाउन्स आला. सौद्याच्या कागदावर टाउन्स नव्हता, पण सौद्यातून मिनेसोटाला मिळालेला सर्वांत चांगला फ्रंटकोर्ट खेळाडू तोच. विगिन्स गुण करत राहिला, मोठा करार घेतला आणि "आळशी" हा शिक्का बसून फेब्रुवारी २०२०मध्ये विकला गेला. घेतला कुणी? वॉरियर्सनी, डी'अँजेलो रसेल देऊन. मिनेसोटानं सोबत एक ड्राफ्ट-हक्कही दिला, त्यातून वॉरियर्सनी जोनाथन कुमिंगा निवडला.

२०२२च्या अंतिम फेरीत बॉस्टनविरुद्ध पाचव्या सामन्यात विगिन्सनं २६ गुण आणि १३ रिबाउंड केले. त्याच्या एका बाजूला थॉम्पसन होता, दुसऱ्या बाजूला ग्रीन. वॉरियर्स पुन्हा अजिंक्य. तेव्हापासून क्लीव्हलँडच्या जुन्या विगिन्सवाल्यांना नवा दम आला: बघा, आम्ही सांगत होतो! हे मला पटत नाही. तो विगिन्स २७ वर्षांचा होता, त्याचा आठवा हंगाम होता. लेब्रॉन क्लीव्हलँडमध्ये चारच हंगाम थांबला आणि २०१८मध्ये लॉस एंजेलिसला गेला. लेब्रॉनच्या हाताखाली विगिन्स लवकर पिकला असता, असं कुणी म्हणालं तर त्याला खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. पण २०१६च्या जूनमध्ये तो २१ वर्षांचा असता आणि क्लीव्हलँडला रिबाउंड हवे होते.